दीर्घ संसाराचा हिशेब

प्रीतींत हिशेब नसतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आईनें लेंकराला पाजलेल्या दुधाचा हिशेब ठेविला नाहीं, भावानें भावाला दिलेल्या आधाराचा ठेवूं नये, आणि पतिपत्नींनीं तर एकमेकांच्या उपकारांची मोजदाद मुळींच करूं नये, असा ह्या बोलण्याचा भाव आहे. तथापि चाळीस-पन्नास वर्षें एकत्र संसार केलेलीं वृद्ध माणसें संध्याकाळीं ओट्यावर बसून मागें पाहूं लागतात, तेव्हां तीं मोजदादच करीत असतात. कोणत्या सालीं विहीर खणली, कोणत्या सालीं बैल गेला, कोणतें लेंकरूं हातचें निसटलें, थोरल्या मुलीच्या लग्नाचें कर्ज किती वर्षांनीं फिटलें, हें सर्व त्यांच्या तोंडीं असतें. मग प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, उतारवयांत संसाराचा हिशेब करणें हें प्रीतीला सोडून आहे काय? कीं तें प्रीतीचेंच एक राहिलेलें काम आहे? ह्या प्रश्नाचा विचार आज आपण करूं. वरवर पाहतां हा प्रश्न विद्वानांच्या बैठकीचा वाटेल. परंतु आमच्या मतें तो खेड्यांतील प्रत्येक घराचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचें, विशेषतः म्हाताऱ्या बायकांचें, अन्न आणि आसरा अवलंबून आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. इतका दीर्घ संसार ही आपल्या देशांत फार जुनी गोष्ट नाहीं. १९५१ सालच्या खानेसुमारीच्या आधींच्या दशकांत भारतांतील मनुष्याचें सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें. आज तें सुमारें ७० वर्षें आहे. पूर्वीं सगळींच माणसें बत्तिसाव्या वर्षीं मरत, असा ह्याचा अर्थ नव्हे. लहान मुलें फार दगावत, म्हणून तो आंकडा इतका खालीं येई. पण धडधाकट तरण्या माणसांचीही शाश्वती नव्हती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि तेथून तो गांवोगांव पसरला. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाच्या सांथीनें घरेंच्या घरें ओस पाडलीं. पटकी आणि हिंवताप हे तर नेहमींचे पाहुणे होते. आणि बाळंतपणांत गेलेल्या बायकांची गणती कोणीं ठेविली आहे? अशा काळांत नवरा आणि बायको दोघेंही सत्तरी ओलांडून एका ओट्यावर बसलीं आहेत, हें दृश्य विरळ असे. आतां तें पुष्कळ घरीं दिसतें. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. परंतु दोघांनीं मिळून म्हातारें कसें व्हावें, ह्याचे धडे आपणांस आपल्या वाडवडिलांपासून फारसे मिळालेले नाहींत. ते आपल्यालाच शोधून काढावे लागतील.

दुसरी गोष्ट अशी कीं, खेड्यांतील संसाराची घडण निराळी आहे. जेथें नवरा सकाळीं कचेरींत जातो आणि संध्याकाळीं परत येतो, तेथें धंदा आणि घर ह्यांच्यामध्यें एक भिंत असते. शेतकऱ्याच्या घरीं ती भिंत नसते. पाभरीनें पेरणी कशी होत असे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको. पुरुष बैल हांकी. आणि पुष्कळ ठिकाणीं बाई चाड्यावर मूठ धरून पाभरीमागून चाले. मूठ सैल पडली तर बीं दाट पडे, आवळली तर तासांत नांगे पडत. बैल फार चालले तर मुठीला तितका वेग यावा लागे, आणि मूठ दमली तर बैल आवरावे लागत. ह्यांत कोणी कोणास कांहीं सांगत नसे. दोघांचें लक्ष एकाच तासावर असे, आणि तास संपेपर्यंत दोघांचें मन एक झालेलें असे. तीच गोष्ट मोटेची. एकानें धावेवर बैल हांकावे, दुसऱ्यानें वाफ्यांत दारें धरावें. विहिरीवरचा माणूस दिसत नसला तरी पाटांत येणाऱ्या पाण्यावरून त्याच्या अंगांतला थकवा ओळखावा. पुढें मोट गेली आणि विजेचा पंप आला, अनेक ठिकाणीं पाभरही जाऊन ट्रॅक्टर आला. पण अशा रीतीनें ज्यांनीं तारुण्य काढलें, तीं माणसें आज वृद्ध होऊन आपल्यांमध्यें आहेत.

अशा जोडप्यांच्या तोंडीं गोड शब्द थोडे असतात. तिनें नवऱ्याचें नांव कधीं घेतलेलें नसतें, आणि त्यानें तिला ‘अगं’ ह्यापलीकडे क्वचितच हांक मारिलेली असते. म्हणून शहरांत शिकलेलीं त्यांचीं नातवंडें कधीं कधीं म्हणतात कीं, आजीआजोबांमध्यें प्रीति नव्हती, नुसती संवय होती. आम्हांस हें मान्य नाहीं. ज्या संवयीनें मनुष्य दुसऱ्याच्या पावलाची गति न सांगतां ओळखतो, ती संवय कांहीं आपोआप जडत नाहीं. हजारों दिवस दुसऱ्याकडे लक्ष दिलें म्हणजे ती जडते. आणि एकाकडे इतकें लक्ष देणें ह्याला प्रीति म्हणावयाचें नाहीं, तर दुसरें काय म्हणावयाचें?

परंतु येथेंच अडचण आहे. दोघांचें असें एक झाल्यावर, त्या एकाला नांव कोणाचें मिळतें? शेत दोघांनीं पेरलें, तरी शेतकरी म्हटलें कीं डोळ्यांपुढें पुरुषच येतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नांव बहुधा त्याचें असतें. कांदा विकला तर पट्टी त्याच्या नांवें निघते. ऊसतोडीच्या धंद्यांत तर ही गोष्ट उघडच दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं जीं कुटुंबें तोडीला जातात, त्यांत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहींत कोयत्याचा हिशेब असतो. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून नेते. शिवाय पहांटेची भाकरी आणि रात्रीची चूल तिचीच. वहींत दोघें मिळून एक. पण उचल येते ती बहुधा पुरुषाच्या हातांत. लग्नांत वधूवरांस दोघांचें एक झाल्याचें सांगतात तें किती पवित्र वाटतें! आणि मुकादमाच्या वहींत दोघांचें एक होतें तें किती निराळें! शब्द तेच, परंतु पहिल्या ठिकाणीं दोघेंही राहतात, दुसऱ्या ठिकाणीं एक नाहींसें होतें.

यास्तव आम्ही म्हणतों कीं, ज्यांना आपला संसार पहिल्या प्रकारचा होता असें वाटतें, त्यांनीं उतारवयांत एकदां तरी तपासून पाहावें कीं तो दुसऱ्या प्रकारचा तर झाला नाहीं ना. हा तपास म्हणजेच हिशेब.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, ‘हिशेबानें घरें मोडतात. मीं तुझ्यासाठीं हें केलें, तूं माझ्यासाठीं काय केलेंस, असें एकदां सुरू झालें म्हणजे म्हातारपणही कडू होतें.’ हा आक्षेप खरा आहे. पण तो एका प्रकारच्या हिशेबाला लागू आहे. गांवच्या दुकानदाराला विचारा, तो सांगेल कीं खातें दोन बाजूंनीं लिहितात. एक आपलें येणें, आणि दुसरें आपलें देणें. पुष्कळ माणसें संसारांत आपलें येणें तेवढें तोंडपाठ ठेवितात. तोच हिशेब घर मोडतो. पण आपल्याकडे दुसऱ्याचें काय देणें निघतें, हें ज्यानें स्वतः होऊन मांडलें, त्यानें आजपर्यंत कोणाचें घर मोडलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. म्हणून आमचा नियम असा कीं, मीं काय दिलें ह्याचा हिशेब ठेवूं नये. मीं काय घेतलें ह्याचा अवश्य ठेवावा.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ‘आपल्यांत हिशेब कसला?’ हें वाक्य कोण बोलतें, तें पाहा. ज्याचें येणें आहे तो तें उदार मनानें बोलूं शकतो, आणि तेव्हां तें फार शोभतें. पण ज्याच्याकडे देणें निघतें, तोही तेंच वाक्य बोलतो, आणि तेव्हां त्याचा अर्थ अगदीं निराळा होतो. आपल्या घरांतून हें वाक्य बहुधा कोणाच्या तोंडून येतें, ह्याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितों.

दुसरा आक्षेप असा कीं, ‘तिनें केलें तें तिचें कर्तव्य, त्यानें केलें तें त्याचें. कर्तव्याचे उपकार कसले मानावयाचे?’ ह्यास उत्तर असें कीं, एखादी गोष्ट नेमानें मिळाली म्हणून तिचें मोल कमी होत नाहीं. मृगाचा पाऊस ठरल्या वेळीं येतो म्हणून शेतकरी आभाळाकडे पाहावयाचें सोडीत नाहीं. जें रोज मिळतें तें आपल्या डोळ्यांना दिसेनासें होतें, इतकेंच. आणि तें एक दिवस बंद झालें म्हणजे घर कशावर उभें होतें तें समजतें. परंतु तोंवर ज्याला सांगावयाचें तें माणूस ऐकावयाला उरलेलें नसतें.

दुकानदाराच्या दोन वह्या असतात. जें जसें घडेल तसें तो रोजच्या रोज कीर्दींत लिहितो. पुढें सवड काढून तेंच ज्याच्या त्याच्या नांवावर खतावणींत उतरवितो. कीर्द कितीही भरली तरी खतावणी केल्यावांचून कोणाचें किती, हें कळत नाहीं. संसाराची कीर्द रोज भरत असते. तरुणपणीं खतावणीला सवड कोठून मिळावी? पाऊस, पीक, मुलें, दुखणीं, देणेकरी ह्यांतच दिवस मावळतो. म्हातारपणीं हात रिकामे होतात. आम्हांस वाटतें, म्हातारपणाच्या त्या लांब दुपारी ह्या कामाला फार उपयोगी आहेत.

आतां खतावणींत काय निघतें तें थोडें पाहूं. एका घरांत रोज दहा भाकरी भाजल्या जातात असें धरा. वर्षाच्या ३,६५० झाल्या, आणि पन्नास वर्षांच्या १,८२,५००. ह्यांतली प्रत्येक भाकरी एका बाईनें हातावर थापली. गिरणी गांवांत येण्याच्या आधींच्या वर्षांत त्यांचें पीठही तिनेंच पहांटे उठून जात्यावर दळलें. पाणी डोक्यावर आणलें. सरपण डोक्यावर आणलें. आणि हें सर्व करून खुरपणीला ती शेतांतही होती. हें जुन्या काळचें झालें असेंही नव्हे. २०१९ सालीं केंद्र सरकारनें लोकांचा वेळ कसा जातो ह्याची देशभर पाहणी केली. घरचें बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रियांना त्या कामाला दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें लागतात, आणि जे पुरुष असें काम करितात त्यांना ९७, असें तींत आढळलें. म्हणजे एकीचे जवळजवळ पांच तास, आणि दुसऱ्याचा दीड तासाहून किंचित् अधिक.

१९७२ सालचा दुष्काळ आठवणारे लोक अजून आपल्यांत आहेत. त्या वर्षीं विहिरी आटल्या, गुरें कवडीमोलानें गेलीं, आणि महाराष्ट्रांतील लक्षावधि लोक सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडावयास आणि माती उचलावयास गेले. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. त्या वेळीं जी विशीची होती, ती आज सत्तरीच्या पुढें आहे. पाठीवर मूल बांधून तिनें दगड फोडले आणि घर जगविलें. आज तिचे हात थरथरतात, आणि भांडें हातांतून पडलें म्हणजे घरांत कोणी तरी कपाळाला आंठी घालतें. खतावणी केली असती, तर ती आंठी पडली नसती.

न्यायानें पाहतां पुरुषाच्या नांवावरही पुष्कळ उतरवावें लागतें, आणि तें बायकोनें उतरवावें. शेताला वीज रात्रीची मिळे, तेव्हां थंडींत, सापकिरडूंच्या भयांत, तो रात्र रात्र पाणी देत राहिला. बियाण्यासाठीं तो सावकाराच्या ओट्यावर बसला, आणि तेथें जें ऐकावें लागलें तें त्यानें घरीं सांगितलें नाहीं. बँकेची नोटीस आली ती त्यानें खिशांत ठेवून दिली, आणि त्या रात्रीं जेवण कां जात नाहीं म्हणून विचारलें तेव्हां पोट दुखतें म्हणाला. अशीं मौनें पुष्कळ घरांत आहेत. कर्जाच्या काळजीनें एकट्यानें झुरून किती शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला, हें महाराष्ट्रास चांगलें ठाऊक आहे. ज्याला आपल्या मौनाची ओळख पटविणारें कोणी घरांत भेटतें, तो त्या ओझ्याखालीं एकटा राहत नाहीं.

मागें पाहून खरेपणानें सांगावें कसें, ह्याचें एक उदाहरण आपल्या मराठी मंडळींस परिचित आहे. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, आणि त्यानंतर कांहीं वर्षें त्यांना व लक्ष्मीबाईंना एकमेकांपासून दूर राहावें लागलें. पुढें दोघें पुन्हां एकत्र आलीं, आणि १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ सालीं वारले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां त्यांचें वय पासष्टीच्या पुढें होतें. त्या पुस्तकांत पतीचा शीघ्रकोप आहे, पैशाच्या बाबतींतला बेहिशेबीपणा आहे, आणि त्यामुळें घरांत पडलेली ओढाताणही आहे. पण त्याचबरोबर त्या मनुष्याचें मोठेपण, त्याचें कोमल अंतःकरण, आणि त्याच्यापासून आपणांस काय लाभलें, हेंही त्यांनीं भरभरून लिहिलें आहे. कोठें तक्रारीचा सूर नाहीं, आणि मेलेल्याला देव करण्याचाही नाहीं. टिळकांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनीं पुढें नेलें. ज्या बाईनें पतीचें उणें-अधिक दोन्ही ओळखलें, तिनेंच त्याचें अपुरें काम हातीं घेतलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. दोष झांकूनच प्रीति टिकते असें नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. संसार दीर्घ झाला म्हणजे तो चांगलाच झाला, असें समजूं नये. लग्नाला पन्नास वर्षें झालीं म्हणजे मंडळीमध्यें सत्कार होतो, हार घालतात, भाषणें होतात. आणि त्यांत बाईच्या सोशिकपणाची फार स्तुति होते. पण तिनें काय सोसलें, हें कोणी विचारीत नाहीं. जेथें नवऱ्यानें दारू पिऊन मारलें, जेथें तिला माहेरीं जाण्याची मुभा नव्हती, तेथें वर्षांची संख्या हा पुरुषाचा गौरव नव्हे, आणि तिच्या मौनाला सद्गुण म्हणणें हा तिच्यावर दुसरा अन्याय होय. घरांत होणाऱ्या मारहाणीपासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला. तो म्हाताऱ्या बाईलाही लागू आहे. उपदेशकांस आमची विनंति अशी कीं, अशा सत्काराच्या आधीं त्यांनीं त्या घरीं जाऊन दोघांशीं निरनिराळें बोलावें. भाषणांत काय म्हणावें, आणि काय म्हणूं नये, तें मग आपोआप समजेल.

असो. आतां हा हिशेब मांडून करावयाचें काय? पन्नास वर्षांचें देणें फेडतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु न फिटणारें देणें कबूल केल्यानेंही मनुष्य पालटतो. त्याची हांक पालटते, पहिला घांस कोणाला द्यावा हें पालटतें, आणि घरांत कांहीं ठरवितांना तो कोणाला विचारतो हें पालटतें. कांहीं देणीं मात्र खरोखर फेडतां येतात, आणि तीं जिवंतपणींच फेडलीं पाहिजेत.

पहिलें देणें जमिनीचें. मृत्युपत्र न करितां ख्रिस्ती मनुष्य वारला आणि त्यास मुलें असलीं, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें विधवेस एक-तृतीयांश हिस्सा मिळतो, आणि बाकीचा मुलांस. त्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नाहीं. हिंदु विधवेस १९५६ च्या कायद्याप्रमाणें मुलामुलींच्या बरोबरीनें हिस्सा आहे. कायदा असा आहे. पण कागदावर काय होतें? बाप गेल्यावर कांहीं दिवसांतच हक्कसोडपत्र पुढें येतें, आणि ‘आई, येथें अंगठा कर’ म्हणून सांगण्यांत येतें. पोराला नाहीं कसें म्हणावें, म्हणून ती अंगठा करिते. आणि पुढें दोन मुलांच्या घरीं महिन्याच्या पाळीनें जेवावयास जाते. जी चाड्यावर मूठ धरून त्या शेतांतून चालली, तिला त्या शेताची भाकरी पाळीनें मिळावी काय? शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी ह्यांनीं नवऱ्यानें आपल्या हयातींतच बायकोच्या नांवें जमीन करून द्यावी म्हणून ‘लक्ष्मीमुक्ति’ नांवाची चळवळ चालविली होती. पुढें १९९२ सालीं महाराष्ट्र शासनानेंही पत्नीचें नांव सातबाऱ्यावर पतीबरोबर लावण्याविषयीं परिपत्रक काढलें. ज्यांना हें करावयाचें आहे, त्यांनीं आपल्या महसूल कचेरींत आज चौकशी करावी, आणि मृत्युपत्र लिहून ठेवावें.

असा एक प्रसंग कल्पना करून पाहा. म्हातारा अर्जाचा कागद घेऊन घरीं येतो. ती म्हणते, “अहो, आतां ह्या वयांत माझं नांव कशाला? पोरं काय म्हणतील?” तो म्हणतो, “म्हणूं देत. पाभर मी हांकली, पण चाड्यावर मूठ कुणाची होती?” ती थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, “मग पोरींचं पण बघा.” ज्याला देणें समजूं लागलें, त्याला एकाच नांवापाशीं थांबतां येत नाहीं, हें त्या म्हातारीनें किती थोड्या शब्दांत सांगितलें!

दुसरें देणें एकमेकांस शिकविण्याचें. पन्नास वर्षें ज्या घरांत जेवला, त्या घरांत मिठाचा डबा कोठें असतो हें पुष्कळ पुरुषांना ठाऊक नसतें. आणि बँकेचें पुस्तक, कर्जाचे कागद व खरेदीखत कोठें आहेत हें पुष्कळ बायकांना ठाऊक नसतें. दोघें मिळून एक होतीं, तोंवर हें चाललें. एक गेलें म्हणजे उरलेलें माणूस अर्धेंच उरतें. तें उपाशी तरी राहतें, किंवा फसविलें तरी जातें. म्हणून म्हाताऱ्यानें भात आणि वरण शिजविण्यास शिकावें, आणि म्हातारीनें कागद ओळखण्यास शिकावें. आपल्यामागें आपलें माणूस कोणाच्या दयेवर राहूं नये, ही काळजी घेणें म्हणजेच शेवटची सोबत.

तिसरें देणें आठवणीचें. कित्येकांना म्हातारपणीं विस्मृतीचा रोग होतो. अशा वेळीं एकाच्या आयुष्याची वही दुसऱ्याजवळ राहते. नवरा आपल्या मुलांचीं नांवें विसरला, तरी तो कसा मनुष्य होता हें बायको जाणते. आणि तिला आपलें घरही ओळखेनासें झालें, तरी हिनें हें घर उभें केलें हें तो जाणतो. ज्यानें दुसऱ्याचें ऋण कधीं मांडलें नाहीं, त्याच्यापुढें अशा वेळीं एक त्रासदायक रोगी तेवढा उरतो. ज्यानें तें मांडलें, त्याच्यापुढें तेंच माणूस असतें.

शेवटीं, ज्यांचा जोडीदार आधींच गेला आहे, आणि हें वाचतांना ज्यांच्या मनास चुटपुट लागली आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. गेलेल्याचें देणें गेलेल्याला देतां येत नाहीं. पण त्याच घरांत आज कोणी दुसरी भाकरी थापीत आहे, आणि कोणी दुसरा रात्रीचें पाणी देऊन पहांटे परत येत आहे. सून सर्वांच्या मागून जेवत असेल, तर तिला आज पंक्तीला बसवावें. मुलगा कर्जाची गोष्ट लपवीत असेल, तर त्याला जवळ बोलावून विचारावें. कीर्द अजून चालूच आहे. नांवें तेवढीं पालटलीं आहेत. त्यांची खतावणी करण्यासाठीं त्यांनाही म्हातारपणाची वाट पाहावी लागूं नये, एवढें वृद्धांच्या हातीं आहे.